साठ किलोचं ग्लायडर आणि केरीचा सडा

डिचोलीहून मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. त्यांना एकट्यानं बसायचं अल्ट्रालाइट ग्लायडर स्वतः डिझाइन करून स्वतःच बांधायचं आहे. त्यांनी ठरवलेले आकडे असे: पंखविस्तार १२ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, रिकामं वजन ६० किलो. त्यांचं स्वतःचं वजन ७२. चाक नको, पेडण्यातल्या केरीच्या सड्यावरून, म्हणजे कड्यावरच्या पठारावरून, पायानं धावत उडायचं, समुद्राच्या वाऱ्यावर तासभर तरंगायचं आणि खाली किनाऱ्यावर उतरायचं. त्यांचे प्रश्न दोन: कार्बन फायबर घेऊ की ॲल्युमिनियम, आणि एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कुठला?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात करावी लागेल. मी आधी ग्लायडर दुरुस्तीच्या कामात होतो, नंतरची सगळी वर्षं गोव्यात कंपोझिटच्या, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या साहित्याच्या, कामात गेली. या काळात हलकं विमान बांधायला निघालेली बरीच मुलं भेटली. बहुतेकांची सुरुवात एअरफॉइलपासून होते, कारण संगणकावर त्याचे आलेख लगेच निघतात. तुमची खरी अडचण एअरफॉइलची नाही. १४० किलोचा जीव किती वेगाला हवेत टिकेल, तो वेग तुमच्या पायांना गाठता येईल का, आणि उतरताना तो कुठे थांबेल, हे आधी ठरायला हवं. ते ठरलं की साहित्य आणि एअरफॉइल यांचे पर्याय आपोआप दोन-तीनांवर येतात.

हिशोब करून बघू. ग्लायडर ६०, तुम्ही ७२, हार्नेस, हेल्मेट आणि पॅराशूट मिळून ८. एकूण १४०. इतक्या हलक्या यंत्रात उडवणाराच अर्ध्याहून जास्त वजनाचा असतो, ही गोष्ट मोठ्या ग्लायडरच्या पुस्तकांतून लक्षात येत नाही. गोव्यात दुपारी ३०-३२ अंशाला समुद्रसपाटीवर हवेची घनता साधारण १.१६ किलो प्रति घनमीटर असते, पुस्तकातली १.२२५ धरू नका. फ्लॅप (उचल वाढवायला मागच्या कडेला खाली वळणारी पट्टी) नसलेल्या, कापडानं मढवलेल्या पंखाचा कमाल लिफ्ट कोइफिशंट, म्हणजे पंख जास्तीत जास्त किती उचल देतो त्याचा आकडा, १.४ धरा. त्याहून जास्त कुणी सांगितला तर तो पवनबोगद्यातल्या गुळगुळीत मॉडेलचा आहे, तुमच्या पंखाचा नाही. या आकड्यांवर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख वजन पेलू शकत नाही तो, येतो ताशी सुमारे ४३ किलोमीटर.

आता खांद्यावर ६० किलो घेऊन जांभ्या दगडाच्या सड्यावर तुम्ही किती जोरात धावाल? ताशी १५ किलोमीटर म्हटलं तरी ते उत्तम धावणं झालं. म्हणजे समोरून किमान २८ किलोमीटरचा वारा हवा, तोही सलग, झोत न येता. असा वारा गोव्याच्या किनाऱ्यावर मिळत नाही असं नाही. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत दुपारनंतर खारा वारा चांगला जोर धरतो. पण इथे एक गोष्ट अशी आहे जी कागदावर पटकन दिसत नाही. त्याच २८ किलोमीटरच्या वाऱ्यात तुमच्या १२ चौरस मीटर पंखाचं नाक वर झालं तर त्यावर किती उचल येते ते काढा. जवळजवळ बरोबर ६० किलो. म्हणजे ज्या वाऱ्याशिवाय तुम्ही उडू शकत नाही, त्याच वाऱ्यात रिकामं ग्लायडर तुमच्याशिवाय उडू शकतं. जुळवणी करताना, हार्नेस अडकवताना, कड्याकडे चालत जाताना, प्रत्येक क्षणी दोघांनी दोन्ही टोकं धरलेली हवीत आणि नाक खाली हवं. एका टोकाखाली झोत आधी शिरला की १२ मीटरचा पंख एकट्या माणसाच्या हातात राहत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, क्षेत्रफळ वाढवतो. वाढवा, पण किती मिळतं ते पाहा. १२चे १५ चौरस मीटर केले तर स्टॉल ३८वर येतो, आणि वाढलेल्या पंखाचं पाचेक किलो धरलं तर ३९. वेग वर्गमुळातून येतो, म्हणून पाव पट जास्त पंख बांधून पदरात ताशी चारच किलोमीटर पडतात. फ्लॅप लावून कमाल लिफ्ट वाढवता येते, आणि पायानं उडणारी जी चांगली ग्लायडरं आहेत ती हाच मार्ग घेतात. अमेरिकेतलं स्विफ्ट किंवा स्वित्झर्लंडचं आर्किऑप्टेरिक्स पाहा. आर्किऑप्टेरिक्सचं रिकामं वजन ५४ किलोच्या आसपास आहे. पण ती यंत्रं साच्यात बनलेली, भट्टीत शिजवलेली, आणि त्यामागे अनुभवी माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पहिल्याच बांधणीत ते वजन गाठायचं ठरवू नका.

घरी बांधण्याच्या वर्गातलं उदाहरण हवं तर जिम मॉपिन यांचं कार्बन ड्रॅगन घ्या. पंखविस्तार १३.४ मीटर, रिकामं वजन साधारण ६६ किलो. ते अमेरिकेच्या १५५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७० किलोंच्या मर्यादेत बसवायला काढलेलं डिझाइन आहे. बिनइंजिनाच्या अल्ट्रालाइटची ही मर्यादा अमेरिकेच्या नियमातली आहे, आपल्या नाही. तरीही लक्ष्य म्हणून ती उपयोगी पडते, कारण चांगल्या कारागिराला जेमतेम जमेल असा तो आकडा आहे. म्हणून तुमच्या कागदावरचे ६० खोडून ७० लिहा आणि सगळी गणितं नव्यानं करा. ७०वर डिझाइन उभं राहत असेल तर बांधून झाल्यावर ते उडेल. ६०वरच उभं राहत असेल तर कागदावरच राहील.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिल्या ग्लायडरला चाक लावा. पायानं धावण्याचा हट्ट सोडला की दोन मोठ्या गोष्टी मोकळ्या होतात. स्टॉल ४३-४४ असला तरी चालतो, आणि माणसाभोवती कवच बसवता येतं. या दुसऱ्या गोष्टीला लोक फार कमी किंमत देतात. उघड्यावर बसलेला माणूस, भोवतीच्या तारा आणि नळ्या मिळून जो अडथळा होतो, त्यानं तुमच्या १२ मीटर पंखाचा ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो) १५-१६वर अडकतो. तीन किलोचं हलकं फायबरचं कवच घातलं तर तोच २०च्या वर जातो. पंखात काहीही न बदलता. घसरणीचा दर सेकंदाला सुमारे ०.८५ मीटरवरून ०.७५वर येतो. केरीसारख्या कमी उंचीच्या कड्यावर वाऱ्याची उचल अरुंद पट्ट्यात मिळते. तिथे तो ०.१ म्हणजे वर राहणं आणि पाचव्या मिनिटाला किनाऱ्यावर असणं, यांतला फरक असू शकतो.

क्षेत्रफळापेक्षा पंखविस्ताराला किंमत का, तेही इथेच सांगतो. कमी वेगात सगळ्यात जास्त खाणारा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, हा इंड्यूस्ड ड्रॅग असतो: उचल निर्माण करण्याची किंमत. तो वजन भागिले पंखविस्तार याच्या वर्गावर चालतो. क्षेत्रफळ त्यात थेट येतच नाही. म्हणून पंख रुंद करण्यापेक्षा लांब करा. तुमचे १२ मीटर योग्यच आहेत. त्यापुढे एकेक मीटर वाढवताना स्पारचं, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईचं, वजन झपाट्यानं चढतं, आणि दोन तुकड्यांतला पंख तुमच्या गाडीच्या टपावर मावायचाही प्रश्न आहे.

आता साहित्य. इथे तुमच्या पंखाच्या मुळाशी किती भार येतो त्याचं साधं गणित मांडतो, कारण उत्तर त्यातूनच मिळतं.

युरोपच्या सीएस-२२ या मानकात युटिलिटी गटाच्या ग्लायडरला +५.३ जी आणि −२.६५ जीचा (जी म्हणजे वजनाची पट) मर्यादा-भार, म्हणजे उड्डाणात अपेक्षित कमाल भार, आहे, त्यावर १.५चा सुरक्षा गुणक. पंख स्वतःचं वजन स्वतःच उचलतो, म्हणून १४०मधून पंखाचे ३२ वजा करा. उरले १०८ किलो. १०८ गुणिले ५.३ गुणिले १.५, त्याचा निम्मा, म्हणजे एका बाजूवर जवळपास ४३० किलो. लंबवर्तुळाकार वाटणीत हा भार मुळापासून २.५५ मीटरवर एकवटलाय असं धरता येतं. वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) येतो सुमारे १,१०० किलो-मीटर. मुळाशी कॉर्ड (पंखाची पुढून मागची रुंदी) १.२ मीटर, जाडी १५ टक्के, म्हणजे १८ सेंटिमीटर. स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमधलं, म्हणजे कॅपमधलं, अंतर १५ सेंटिमीटर धरलं तर प्रत्येक कॅपवर ७,३०० किलोचा दाब किंवा ताण. एका साठ किलोच्या ग्लायडरमध्ये!

हा दाब सोसायला चांगल्या स्प्रूस लाकडाची ६० मिलिमीटर रुंद आणि ३४ मिलिमीटर जाड पट्टी लागते. कार्बनची ६० रुंद आणि ३ जाड पुरते, तीही मी दाबातली ताकद प्रयोगशाळेच्या आकड्याच्या निम्म्याहून खूप खाली, ४०० मेगापास्कल धरली आहे तरी. वजनात मुळाशी मीटरला लाकूड ९०० ग्रॅमच्या आसपास, कार्बन ३००च्या आत. ॲल्युमिनियम या दोघांच्या मध्ये येतं, पण पातळ नळी किंवा कॅप दाबाखाली आधी चुरगळते, आणि जोडाच्या प्रत्येक भोकाशी थकवा साचतो. त्यात आपल्याकडची खारी हवा. शेपटीची बूम, कंट्रोलच्या नळ्या यांना ॲल्युमिनियम खुशाल वापरा. स्पारला कार्बन.

पण कार्बन म्हणजे साच्यात हातानं थापलेला कार्बन नव्हे. कॅपमधले तंतू सरळ असले तरच दाबात ताकद मिळते. हातानं थापताना कापडाला एखादी बारीक लाट येते, वरून रेझिन गुळगुळीत बसतं आणि ती दिसत नाही. आम्ही काय करायचो: अंधार करायचा आणि हातबत्ती जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवा प्रकाश टाकायचा. लाट असेल तर सावलीची रेघ उठते. जिथे उठते तिथे कॅप निकामी, मग ती कितीही सुंदर दिसो. तुमच्याकडे व्हॅक्यूम आणि साचा नसेल तर तयार पुलट्रूडेड कार्बन पट्ट्या घ्या, ज्यात तंतू कारखान्यातच ताणलेले असतात, आणि त्या एकावर एक चिकटवत मुळाकडून टोकाकडे कमी करत जा. पैसे जास्त जातील, पण इथे पैसे वाचवू नका. चिकटवल्यावर रुपयाच्या नाण्यानं पूर्ण लांबीभर टिचक्या मारत जा. नीट चिकटलेल्या जागी आवाज टणक येतो, पोकळी असेल तिथे बद्द.

गोव्यात फायबरचं काम जाणणारे कारागीर खूप आहेत, होड्यांमुळे. त्यांचा हात फार चांगला असतो आणि त्यांची मदत जरूर घ्या, पण होडीच्या कामाची सवय इथे उलटी पडते. होडीला चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची चटई) आणि पॉलिस्टर रेझिन चालतं. वजनात रेझिन तंतूंच्या दुप्पट किंवा जास्त असलं तरी होडीचं काही बिघडत नाही, उलट पाणी अडतं. ग्लायडरला विणलेलं कापड, एपॉक्सी, आणि वजनात अर्धं तंतू अर्धं रेझिन. जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, फक्त वजन वाढवतं. कापड तोला, तेवढंच रेझिन तोलून घ्या, आणि संपलं की काम थांबवा. प्रत्येक सुटा भाग झाला की तोलून वहीत लिहा. ७० किलोचं ग्लायडर ७० किलोचंच राहण्याचा दुसरा उपाय नाही.

पावसाळ्यात लॅमिनेशन, म्हणजे कापड-रेझिनचे थर चढवणं, करू नका. हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असताना एपॉक्सीतल्या हार्डनरमुळे वर मेणासारखा चिकट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर धरत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम. शिवाय खोलीच्या तापमानाला सुकलेलं एपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि एप्रिलच्या उन्हात सड्यावर ठेवलेला गडद रंगाचा पंख सहज त्यापुढे जातो. म्हणून दोन गोष्टी: भाग बांधून झाल्यावर थर्माकोलचा पेटारा करून आत हीटर आणि पंखा ठेवा, आणि रेझिनच्या कागदावर लिहिलंय त्या तापमानाला तितके तास शेकवा, आणि वरून पांढराच रंग द्या. जगभरची कंपोझिट ग्लायडरं पांढरी असतात ती याच कारणानं.

आणखी एक खास किनाऱ्यावरची गोष्ट. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड होते. जिथे जिथे फिटिंग कार्बनवर बसतं तिथे मधे काचकापडाचा एक थर घाला आणि बोल्ट स्टेनलेसचे वापरून ओल्या एपॉक्सीत बसवा. बाहेरून काही दिसत नाही, आत बोल्टाभोवती काम चाललेलं असतं.

लाकडाला अजिबात कमी लेखू नका मात्र. दिल्लीच्या नागरी विमान खात्याच्या टेक्निकल सेंटरमध्ये बनलेलं, १९६१ साली उडालेलं रोहिणी आणि १९६३चं एकआसनी कार्तिक ही दोन्ही लाकडीच होती. आपल्या हवेत लाकडाचं खरं वैर जुन्या केसीन सरसाशी असतं. त्याला ओल आणि बुरशी खाते. एपॉक्सीनं जोडलेलं लाकूड टिकतं. तुमच्या पंखात कार्बनचा स्पार, हलक्या लाकडाच्या किंवा फोमच्या रिब्स (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या), पुढे काचकापडाचा डी-बॉक्स (बंद पेटी, त्याबद्दल पुढे) आणि मागे पॉलिस्टर कापड, अशी मिश्र बांधणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. बांबूचं काहींनी सुचवलंय असं तुम्ही लिहिलंय. बांबू मीही आवडीनं वापरतो, पण एक बांबू दुसऱ्यासारखा नसतो आणि पेराशी जोड कसा वागेल याचं गणित होत नाही. स्पारला नको.

आतापर्यंतचं थोडक्यात: वजन ७० धरा, चाक आणि कवच घ्या, १२ मीटर ठेवा, स्पार कार्बनचा, बाकी मिश्र. आता ज्या मुद्द्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते, तो म्हणजे पंखाचा पीळ.

स्पार मोडून पडणं भीतीदायक वाटतं, म्हणून सगळे स्पार जाड करतात. कापडी पंख असलेल्या हलक्या ग्लायडरात मला त्याहून मोठा धोका दिसतो तो म्हणजे वेग वाढल्यावर पंख पिळवटणं. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, टोकाजवळची हलती पट्टी) खाली गेला की तो पंखाचं मागचं अंग वर ढकलतो, पंख नाकाकडून खाली वळतो, आणि एका वेगापुढे स्टिक उजवीकडे नेली तर ग्लायडर डावीकडे झुकतं. त्याच्याही आधी किंवा नंतर फ्लटर, म्हणजे पंखाची आपोआप वाढत जाणारी थरथर, येऊ शकतो, आणि तो आला की हातात काही सेकंदही नसतात. पिळाला उत्तर देतो तो डी-बॉक्स: स्पारपासून पुढच्या कडेपर्यंतची बंद पेटी. त्यातलं काचकापड ४५ अंशात बसवायचं, कारण पिळाचा ताण तिरक्या रेषांत धावतो. सरळ विणीत बसवलेलं कापड तितकंच वजन घेऊन फार थोडं काम करतं.

आता एअरफॉइल, कारण तो पिळाशी थेट बांधलेला आहे. तुमच्या पंखावर रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि कॉर्डवरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) मुळाशी दहा लाखांच्या आसपास आणि टोकाशी चार-पाच लाख असेल. या पट्ट्यात एफएक्स ६३-१३७ हा एअरफॉइल लोकांना मोहात पाडतो, कारण तो उचल भरपूर देतो. पण त्याचा नाक खाली ओढणारा मोमेंटही मोठा आहे. ताशी ११० किलोमीटरला तुमच्या एका पंखावर तो सुमारे ६५ किलो-मीटरचा पीळ टाकेल. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला ६५ किलो लटकवल्यासारखं. एनएसीए ४४१५ घेतला तर हाच आकडा तीसेक किलो-मीटर येतो. ४४१५ जाड आहे म्हणून स्पारला जागा मिळते, स्टॉल हळुवार आहे, आणि पुढच्या कडेवर किडे चिकटले किंवा मिठाचा थर बसला तरी तो फार रुसत नाही. ग्लाइडमध्ये एखादा अंक कमी मिळेल. पहिल्या ग्लायडरला तोच घ्या. टोकाकडे दोन-तीन अंशांचा वॉशआउट द्या (टोकाचा कोन मुळापेक्षा तेवढा कमी ठेवा), म्हणजे स्टॉल मुळाकडून सुरू होईल आणि एलेरॉन शेवटपर्यंत काम करत राहतील.

पिळाची चाचणी घरी करता येते. पंखाचं मूळ भक्कम जखडा. टोकाला मीटरभर लांब फळी आडवी बांधा आणि फळीच्या टोकाला १० किलोची पाण्याची कॅन लटकवा. पंखाच्या टोकावर लेझर पॉइंटर बसवून समोरच्या भिंतीवर ठिपक्याची जागा आधी आणि नंतर खुणा करून घ्या. तुमच्या आकाराच्या पंखाला मी दीड-दोन अंशांपेक्षा जास्त वळण मान्य करणार नाही. दोन्ही पंखांचं वळण सारखं आलं पाहिजे. वेगळं आलं तर एका डी-बॉक्समध्ये कुठेतरी जोड सुटलाय. एलेरॉन आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे आडवा एलिव्हेटर आणि उभा रडर, तिन्ही बिजागरीच्या पुढे वजन देऊन तोललेले असू द्या आणि केबलमध्ये ढिलाई ठेवू नका.

ताकदीची चाचणी वाळूच्या पोत्यांनी. पंख उलटा बसवायचा. मर्यादा-भाराला, म्हणजे ५.३ जीला, एका बाजूवर २८६ किलो यायला हवेत. उलट्या पंखाचं स्वतःचं १६ किलो त्यातून वजा केलं की २७० किलो वाळू. मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी, लंबवर्तुळाच्या आकारात. हे आकडे ६० किलोच्या ग्लायडरचे आहेत. ७०च्या हिशोबानं ते पुन्हा काढा. पोती एकेक करून, दोन्ही बाजूंना सारखी ठेवत जा, आणि पंखाखाली वीतभर अंतर सोडून टेकू ठेवा म्हणजे मोडला तर जमिनीवर आपटणार नाही. भार काढल्यावर टोक होतं तिथेच परत आलं पाहिजे. परत आलं नाही तर तो पंख उडवायचा नाही, मग कितीही महिने लागलेले असोत. पूर्ण १.५ गुणकापर्यंतची चाचणी मुळाकडच्या मीटर-दीड मीटरच्या वेगळ्या नमुन्यावर करा आणि तो मोडेपर्यंत न्या.

शेपटीचं फार सांगण्यासारखं नाही. आडव्या शेपटीचा व्हॉल्यूम कोइफिशंट (पंखाच्या तुलनेत शेपटीचा आकार आणि अंतर सांगणारा आकडा) ०.५च्या आसपास, उभ्याचा ०.०२५, गुरुत्वमध्य सरासरी कॉर्डच्या ३० टक्क्यांजवळ. बसण्याची जागा गुरुत्वमध्याच्या शक्य तितकी जवळ, म्हणजे तुमच्याऐवजी हलका मित्र बसला तरी तोल फार सरकणार नाही. व्ही-टेल, म्हणजे इंग्रजी V आकाराची शेपटी, नको: कंट्रोल एकत्र करणारा मिक्सर, जास्तीचे जोड आणि जास्तीची डोकेदुखी.

उतरण्याबद्दल मात्र थांबून सांगतो. २०चा ग्लाइड म्हणजे ३० मीटर उंचीवरून ६०० मीटर. जमिनीजवळ आल्यावर इंड्यूस्ड ड्रॅग आणखी घटतो आणि ग्लायडर खाली बसायलाच तयार नसतं. केरीचा किनारा भरतीला किती अरुंद होतो ते तुम्ही पाहिलं असेलच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, मधे माणसं, होड्या, जाळी. स्पॉयलरशिवाय हे ग्लायडर तिथे आणणं धोक्याचं आहे. दोन्ही पंखांवर वर उघडणाऱ्या साध्या पट्ट्या, एकाच लिव्हरनं दोन्ही एकदम उघडतील अशा. उघड्या स्पॉयलरला ग्लाइड ६-७वर आला पाहिजे. वजन दोनेक किलो जाईल. हे दोन किलो पहिल्या दिवसापासून वजनाच्या तक्त्यात धरा, नंतर बसवता येत नाहीत. आणि हार्नेस एका हातानं, एका ओढीत सुटणारा हवा. खाली समुद्र आहे.

बांधायला घेण्याआधी एक चतुर्थांश आकाराचं रेडिओ कंट्रोल मॉडेल करा. ३ मीटर पंखविस्तार, वजन चौसष्टावा हिस्सा म्हणजे २.२ किलो. असं केलं की त्याचे वेग खऱ्याच्या बरोबर निम्मे येतात, आणि तोल, शेपटीचा आकार, गिरकीत शिरण्याची सवय हे सगळं पाहता येतं. स्टॉलच्या बाबतीत मॉडेल थोडं वाईट वागेल, कारण रेनॉल्ड्स नंबर आठ पट खाली गेलेला असतो. त्यावरून घाबरू नका.

आणि स्वतः डिझाइन करण्यापूर्वी माइक सँडलिन यांच्या गोट या ग्लायडरची रेखाचित्रं जरूर अभ्यासा. त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि कापड; दिसायला साधं, पण प्रत्येक जोड का तसा आहे ते समजून घेण्यासारखं.

परवानगीचं काम शेवटी ठेवू नका. आपल्या कायद्यानं ग्लायडर हे विमानच आहे, त्यामुळे डिझाइनचा पहिला आराखडा झाल्यावरच डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) विचारणा करा. तुमचा सडा पेडण्यात आहे आणि २०२३पासून मोपाचा विमानतळ त्याच तालुक्यात चालू आहे. दक्षिणेला दाबोळी विमानतळ आहे, तो तर नौदलाचा तळ. कुठल्या उंचीपर्यंत, कुठल्या वेळी, हे एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) लेखी मिळाल्याशिवाय केरीवरून काहीही उडवू नका. जानेवारी २०२५मध्ये त्याच सड्यावरून उडालेल्या पॅराग्लायडरच्या अपघातात पर्यटक तरुणी आणि पायलट दोघेही गेले. तेव्हापासून तिथे कुणी पंख घेऊन चढला की गावकरी काय विचारतील ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे.

पहिली उड्डाणं तिथे नकोतच. कड्याच्या मागे वाऱ्याचा भोवरा असतो, कडेवर वारा जवळजवळ सरळ वर जातो, आणि नवं यंत्र, नवा माणूस, नवी जागा अशा तीन अनोळखी गोष्टी एकत्र आणायच्या नाहीत. आधी पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रासारख्या ठिकाणी प्रशिक्षकाबरोबर उडायला शिका, विंचवर (दोर ओढून ग्लायडर उडवणाऱ्या यंत्रावर) शिका, एकट्यानं उडा. मग तुमचं ग्लायडर सपाट मोकळ्या जागी, जमिनीपासून एक-दोन मीटरच्या छोट्या उड्यांनी सुरू करा. दोर ओढणारा माणूस अनुभवी असू द्या.

तुम्ही या वर्षी काय करू शकता, असं विचाराल तर: वजनाचा तक्ता, मॉडेल, आणि मुळाकडचा स्पारचा एक नमुना. पाऊस थांबला की नमुना बांधायला घ्या, मार्चच्या आत वाळूखाली मोडून बघा. किती किलोला मोडला आणि कुठल्या बाजूनं आधी गेला, दाबाच्या की ताणाच्या, ते फोटोसकट कळवा. त्यावरून पुढच्या स्पारची जाडी ठरवू.